रात्री दुखणारी पाठ आणि मणक्यातली गाठ

शाळकरी मुलाची पाठ दुखू लागली की दोष दप्तराला जातो, नाहीतर क्रिकेटला. तेल चोळतात, शेकतात आणि बहुतेकदा तेवढ्यानं भागतंही. पण दुखणं रात्री वाढत असेल, मूल झोपेतून उठत असेल, पाठ एका बाजूला वाकू लागली असेल आणि वेदनाशामक गोळीनं चटकन आराम पडत असेल, तर मणक्यात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा असू शकतो. ही गाठ साधारण हरभऱ्याएवढी असते आणि बहुधा 10 ते 25 या वयात होते.

गैरसमज : गाठ म्हणजे कॅन्सरच.
नाही. ही गाठ शरीरात पसरत नाही, तिचा कॅन्सरही होत नाही. ती प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार करते, म्हणून एवढी ठणकते. 'टाटाला दाखवा' म्हटलं की घरात रडारड सुरू होते. पण मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात अशा साध्या गाठींवरही उपचार होतात.

गैरसमज : एमआरआय काढला, आता सगळं कळलं.
हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. एमआरआयमध्ये गाठीभोवतीची सूजच ठळक दिसते आणि संसर्गाचा संशय येतो. गाठ नेमकी दिसते ती पातळ छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये.

गैरसमज : मणका उघडावाच लागतो आणि सुई लागली की गाठ पसरते.
सुईनं ही गाठ पसरत नाही, उलट सुईनंच ती जाळता येते. या उपचाराला आरएफए (रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन) म्हणतात. भूल देऊन रुग्णाला सीटीच्या टेबलावर पालथं झोपवतात. काही मिलिमीटरच्या छेदातून सुई हाडात घालतात आणि टोक गाठीत पोचल्याची सीटीवर खात्री करतात. मग ते टोक साधारण 90 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही मिनिटं तसंच ठेवतात. मज्जातंतू जवळ असेल तर तिथलं तापमान मोजत राहतात आणि मधे कार्बन डायऑक्साइड सोडून त्याला उष्णतेपासून वाचवतात. बरेच रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात. गाठ मज्जारज्जूला अगदी चिकटून असेल तर मात्र शस्त्रक्रियाच बरी. तो निर्णय डॉक्टरांवर सोडा.

रिपोर्टमध्ये 'हिमँजिओमा' दिसला तरी घाबरू नका. रक्तवाहिन्यांची ही गाठ सुमारे दहा टक्के लोकांच्या मणक्यात असते आणि बहुतेकींना उपचार लागतच नाहीत. दुखलीच, तर सुईनं मणक्यात सिमेंट भरतात. हा उपचार फ्रान्समध्ये 1984 साली पहिल्यांदा झाला, तोही अशाच गाठीवर.

मुलाची पाठ रात्री दुखत असेल तर मालिश करत महिने घालवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.