हृदयरोग्याने दात बसवावेत काय?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा रोहिणीत स्टेंट बसवून घेतलेल्या गृहस्थांच्या दाढा पडून भाकरी चावेनाशी झाली म्हणजे घरात जी मसलत भरते, तिचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो : जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून घेण्याचे साहस हृदयरोग्याने करू नये, हलती का होईना, कवळी पुरे. या निकालामागे माया असते, काळजी असते. वैद्यकीय आधार मात्र क्वचितच असतो. अरुंद झालेल्या रोहिण्या, बदललेली झडप, थकलेले हृदय आणि अनियमित ठोके या सर्वांना एकाच कलमाखाली आणून सरसकट मनाई फर्मावली जाते, आणि मग ज्या दोन-चार जागी खरोखरच सावध राहावयास हवे, त्यांकडे दुर्लक्ष होते.

पहिली शंका धातूची असते. दंतरोपणाचा स्क्रू टायटॅनियमचा असतो, आणि हा धातू हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांच्या ध्यानात १९५२ साली आले, तेही सशाच्या हाडातील रक्ताभिसरण न्याहाळण्यासाठी बसविलेली टायटॅनियमची कुपी नंतर निघेचना, तेव्हा. १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात असे रोपण झाले. हाडाच्या या जुळणीस हृदयविकारामुळे विशेष बाध येतो असे त्यानंतरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. बाध येतो तो धूम्रपानाने, आटोक्यात नसलेल्या मधुमेहाने आणि हिरड्यांच्या जुनाट रोगाने. यांपैकी पहिले दोन हृदयाचेही वैरी आहेत, ही गोष्ट वेगळी.

सर्वांत घातक समज मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयीचा आहे. ‘दाताचे काम आहे, पाच दिवस गोळी बंद ठेवा,’ असा सल्ला शेजारी देतात, औषधाच्या दुकानात मिळतो, आणि कधीकधी दवाखान्यातूनही मिळतो, हे खेदाने नमूद करावे लागते. या सल्ल्यामागील भीती तोंडातल्या रक्तस्रावाची असते. पण तोंडातील रक्त डोळ्यांना दिसते, बोटाने दाबता येते, टाके घालून, गॉज चावून धरून किंवा ट्रानेक्झॅमिक आम्लाच्या गुळणीने थांबविता येते. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी मात्र दिसत नाही, तिला दाबता येत नाही, आणि ती कळते तेव्हा माणूस अतिदक्षता विभागात पोहोचलेला असतो, तेही वेळेत पोहोचला तर. औषध लावलेले स्टेंट बसविलेल्या रुग्णांनी अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही जोडी मध्येच सोडू नये, आणि टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रिया त्या मुदतीपुरत्या तहकूब ठेवाव्यात, असे संयुक्त निवेदन अमेरिकेतील हृदयरोग, शल्यचिकित्सा आणि दंतवैद्यक या क्षेत्रांतील प्रमुख संस्थांनी २००७ साली प्रसिद्ध केले. तेव्हा १२ महिन्यांची सांगितलेली ही मुदत पुढे रुग्णपरत्वे कमी-अधिक होऊ लागली. गोळी परस्पर न सोडण्याचा दंडक तसाच राहिला.

कृत्रिम धातूची झडप बसविलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. ते वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम घेतात, आणि रक्त गोठण्याची गती आयएनआर या आकड्याने मोजली जाते. हा आकडा शस्त्रक्रियेच्या आधी २४ तासांत, आणि प्रकृती स्थिर असल्यास फार तर ७२ तासांत, तपासलेला असावा; तो ४ च्या आत असेल तर औषध न थांबविता साधे दंतकर्म करता येते अशी ब्रिटनमधील शिफारस आहे, अन्यत्र ही मर्यादा ३.५ धरतात. एकदोन रोपणे बसविताना होणारा स्राव दाढ उपटताना होणाऱ्या स्रावाहून बहुधा अधिक नसतो, कारण हाडात पाडलेले छिद्र स्क्रूच बुजवून टाकतो. याला एक अपवाद आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही : खालच्या जबड्याच्या पुढील भागात ड्रिल हाडाच्या आतल्या बाजूने पार गेले, तर जिभेखालच्या रक्तवाहिनीला इजा होऊन तेथे साकळलेल्या रक्ताने श्वासमार्गच कोंडू शकतो. असे क्वचित घडते. तथापि रक्त न गोठण्याची औषधे घेणाऱ्या माणसाने हाडाची जाडी त्रिमित क्ष-किरण चित्रात मोजल्याखेरीज या जागी हात लावू देऊ नये.

दुसरा समज याच्या अगदी उलट दिशेचा : हृदयरोग्याला दाताच्या प्रत्येक कामाआधी अँटिबायोटिक दिलेच पाहिजे. याचे मूळ खोट्यात नाही. तोंडातील जंतू रक्तात शिरून हृदयाच्या अस्तराला व झडपांना संसर्ग करू शकतात, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ सालीच प्रतिबंधक औषधाची शिफारस केली होती. पण दात घासताना आणि घास चावतानाही हेच जंतू रोज रक्तात जात असतात, आणि एका दिवसाच्या औषधाने वर्षभराच्या त्या रहदारीला फारसा अटकाव होत नाही, हा विचार बळावत जाऊन याच संस्थेने २००७ साली ही यादी आखडली. आता तीत मुख्यतः कृत्रिम झडप असलेले, पूर्वी असा संसर्ग होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषाचे काही ठराविक प्रकार असलेले, आणि हृदयरोपणानंतर झडपेत दोष उत्पन्न झालेले रुग्ण उरतात. या मंडळींना मात्र रोपणापूर्वी ३० ते ६० मिनिटे औषधाची एक मात्रा, बहुधा अमॉक्सिसिलिन, अवश्य द्यावयाची असते. स्टेंट किंवा बायपास झालेल्यांचा या यादीत समावेश नाही. त्यांनी केवळ हृदयाच्या नावाखाली गोळ्यांची थैली घरी नेण्याचे कारण नाही. ब्रिटनने तर २००८ साली ही पद्धतच बंद करण्याचा सल्ला दिला आणि २०१६ साली त्यात ‘सरसकट’ हा शब्द घालून थोडी मुभा ठेवली. यावरून या प्रश्नावर तज्ज्ञांतही एकवाक्यता नाही, हे दिसते. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेले आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणारे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्या तोंडातील जंतू त्या औषधाला सरावलेले असू शकतात, म्हणून संरक्षणाची गरज भासलीच तर ते निराळ्या गटाच्या औषधाने करावे लागते. दंतवैद्याला हे इंजेक्शन सांगितले नाही तर त्यांना ते कळणार कसे?

भुलीच्या इंजेक्शनातील अॅड्रेनालिनचा बाऊही असाच केला जातो. ते नको म्हणून साध्या भुलीवर काम उरकले, आणि भूल अर्ध्यात उतरली, तर वेदनेने व भीतीने शरीर स्वतःच जे अॅड्रेनालिन सोडते ते सिरिंजमधल्याहून कितीतरी अधिक भरते. हृदयरोग्यासाठी ०.०४ मिलिग्रॅम ही मर्यादा सामान्यतः पाळतात. भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या १ : ८०,००० प्रमाणाच्या द्रावणात ती साधारण ३.२ मिलिलिटरला भरते. सुई रक्तवाहिनीत गेली नाही ना, याची खातरजमा करून सावकाश टोचावे. एकाच बैठकीत सहा-आठ रोपणे उरकण्याच्या जाहिराती हृदयरोग्याने दुरूनच वाचाव्यात.

पेसमेकर असल्याने रोपण अशक्य होत नाही. विद्युत्प्रवाहाने ऊती कापण्याचे यंत्र आणि दात साफ करण्याची काही जुनी चुंबकीय यंत्रे तेवढी टाळावीत.

मग मनाई खरोखर कोणाला? नुकताच झटका आलेल्यांना, विश्रांतीतही छातीत दुखणाऱ्यांना, उताणे निजताच दम लागणाऱ्यांना आणि ज्यांची झडप नुकतीच बदलली आहे त्यांना. पूर्वीपासून सहा महिने थांबण्याचा रिवाज आहे, आणि टाळता येण्याजोग्या कामासाठी तो वाईट नाही. दात कोठे पळून जात नाहीत, म्हणजे पडलेले तर नाहीतच.

रोपण नीट झाले तरी घरी आलेल्या चिठ्ठीत धोका असू शकतो. दंतवैद्य पुष्कळदा अमॉक्सिसिलिनबरोबर मेट्रोनिडॅझोल लिहितात; वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉम घेणाऱ्यात हे औषध आयएनआर झपाट्याने वाढवते, आणि बैठकीत न झालेला रक्तस्राव चौथ्या दिवशी होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी स्रावाची भीती वाढते आणि अशक्त हृदयावर पाण्याचा भार चढतो. पॅरासिटामॉलने बहुधा काम भागते. रक्तदाबावरची अॅम्लोडिपिन काहींच्या हिरड्या सुजवते, रोपणाभोवतीच्याही. सबब सर्व गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, दंतवैद्यांच्या टेबलावर ठेवणे हे तोंडी सांगण्यापेक्षा उत्तम, आणि जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेट खिशात असू द्यावी.

आणखी एक गैरसमज उलट बाजूने चालत येतो. जिना चढताना डावा खालचा जबडा दुखू लागतो, थांबले की थांबतो, आणि मनुष्य दाढ किडली असे समजून दंतवैद्याच्या दारात उभा राहतो. क्ष-किरणात दाढ निर्दोष दिसते. ही कळ पुष्कळदा हृदयाची असते. श्रमाबरोबर येणाऱ्या आणि विश्रांतीने ओसरणाऱ्या जबडेदुखीला प्रथम ईसीजी काढावयाचा असतो, आणि ती विश्रांतीतही थांबेना, घाम फुटला, तर दंतवैद्याकडे न जाता थेट इस्पितळ गाठावयाचे असते.