रित्या धारित्राचा भरवसा

रब्बीचें पाणी सुरू झालें कीं बीड जिल्ह्यांतील विहिरींवर मोटारींची घरघर ऐकूं येते, आणि 'कृषिपंपास कपॅसिटर बसवा' हें महावितरणचें आवाहनहि कानीं पडतें. शास्त्रीय परिभाषेंत ह्या उपकरणास 'धारित्र' म्हणतात. 'धृ' म्हणजे धारण करणें. त्यामुळें रांजणांत पाणी सांठावें तशी ह्यांत वीज सांठते, आणि रांजण उपडा केला कीं तो कायमचा रिता होतो, असा सुशिक्षितांचाहि ग्रह असतो. हा ग्रह प्रसंगीं जिवावर बेततो.

वस्तुतः धारित्रांत धातूचे दोन पत्रे व त्यांमध्यें निरोधक थर असतो. एका पत्र्यावर जितका ऋण भार जमतो, तितकाच धन भार दुसऱ्यावर उरतो, बेरीज शून्यच. सांठतो तो मधल्या थरांतील ताण, ओढलेल्या धनुष्यासारखा.

धारित्र वीज उत्पन्न करतें, हाहि भ्रमच. आपल्याकडील वीजप्रवाहाची दिशा सेकंदास 100 वेळां पालटते. तितक्याच वेळां धारित्र भरतें व रितें होतें. मोटारीस चुंबकत्वासाठीं लागणारी, नुसती ये-जा करणारी वीज तें जवळूनच पुरवितें. शक्तिगुणक 0.7 वरून 0.95 वर गेला, तर तारेंतील प्रवाह सुमारें चतुर्थांशानें घटतो, आणि तारा तापून होणारा व्यय जवळजवळ निम्म्यावर येतो. रोहित्र जळण्याचें भय उणावतें तें ह्यामुळेंच.

तिसरा भ्रम मात्र घातक होय. कळ बंद केली म्हणजे धारित्र रितें झालें, असें नव्हे. भारास वाट न मिळाल्यास तो कांहीं काळ तसाच राहतो. इतकेंच नव्हे, तर टोकें जोडून रितें केलेलें धारित्र कित्येकदां पुनः थोडें भरतें! 1745-46 सालीं क्लाइस्ट व मुशेनब्रुक ह्यांच्या प्रयोगांतून प्रसिद्धीस आलेल्या लायडनच्या बरणींतहि हाच प्रकार दिसतो. एक ठिणगी काढून बरणी ठेवून दिली, कीं कांहीं वेळानें दुसरी, लहानशी ठिणगी निघते. हा भार हवेंतून येत नाहीं. निरोधक थरांत मुरलेला ताण सावकाश सुटतो, व त्यामुळें टोकांवर पुनः विद्युत्-दाब दिसूं लागतो.

म्हणून पंप असो वा घरांतील पंखा, तो उघडण्यापूर्वीं वीज तोडून कांहीं वेळ थांबावें. पेचकसानें टोकें एकदम जोडूं नयेत. जाणत्या वायरमनकडून तीं योग्य रोधकामार्फत जोडवून घ्यावीं, आणि काम संपेपर्यंत तशींच ठेवावीं. जुनें धारित्र मुलांस खेळावयास तर कदापि देऊं नये.