आयर्लंडने मागितलेली लेखी हमी

लिस्बन करारावर डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय संघाच्या २७ देशांनी सह्या केल्या. तो अमलात यायचा तर प्रत्येक देशाची मंजुरी हवी होती. बाकीच्या देशांनी ते काम संसदेवर सोपवले. जनतेसमोर मतदानाला गेला तो एकटा आयर्लंड. याचे श्रेय रेमंड क्रॉटी या अर्थतज्ज्ञाला. आधीच्या एका युरोपीय कराराविरुद्ध ते न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. राज्यघटना बदलल्याशिवाय तो करार मंजूर करता येणार नव्हता, आणि आयर्लंडमध्ये घटनादुरुस्ती म्हणजे सार्वमत.

१२ जून २००८ रोजी ५३.४ टक्के मतदारांनी लिस्बन करार नाकारला.

कारणे अनेक होती. युरोपीय आयोगात आपला आयुक्त कायम राहणार नाही, तटस्थ देशाला लष्करी आघाडीत ओढले जाईल, कंपन्यांवरचा १२.५ टक्के कर वाढवावा लागेल, गर्भपातबंदी बाहेरून मोडली जाईल, अशा भीती होत्या. कित्येकांना तर करार नीट समजलाच नव्हता. न समजलेल्या कागदावर सही करायला नकार देणे हा शहाणपणाच होता.

पंतप्रधान ब्रायन कोवेन यांच्यापुढचा पेच अवघड होता. करारातला एक शब्द जरी बदलला, तरी मंजुरी देऊन बसलेल्या देशांना सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागली असती. वाट डेन्मार्कने दाखवलेली होती. १९९२ मध्ये डॅनिश मतदारांनी मास्ट्रिख्ट करार नाकारल्यावर त्याच वर्षी एडिनबरोत त्यांच्यासाठी वेगळा निर्णय झाला, आणि पुढच्या वर्षी त्यांनी होकार दिला.

आयर्लंडच्या बाबतीत आयुक्ताचा प्रश्न आधी सुटला. प्रत्येक देशाचा एक आयुक्त ठेवण्याचे डिसेंबर २००८ मध्ये ठरले, आणि ही खरीखुरी सवलत होती. जून २००९ मध्ये ब्रुसेल्सच्या शिखर परिषदेत राष्ट्रप्रमुख व सरकारप्रमुखांनी कायदेशीर बंधन असलेला निर्णय घेतला: आयर्लंडच्या घटनेतील जीविताच्या हक्काचे, कुटुंबाचे व शिक्षणाचे संरक्षण, करआकारणीचे अधिकार आणि तटस्थता यांना लिस्बन करारामुळे बाधा येणार नाही. कराराचा मजकूर जिथल्या तिथे राहिला; त्याचा अर्थ कसा लावायचा, ते मात्र पक्के झाले. मग यात नवे काय मिळाले, असे टीकाकार विचारत. पण मंत्र्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा न्यायालयात दाखवता येणारा कागद निश्चितच मोलाचा असतो.

२ ऑक्टोबर २००९ च्या दुसऱ्या सार्वमतात ६७.१ टक्के मते कराराच्या बाजूने पडली. मधल्या काळात बँका कोसळल्या होत्या, रोजगार गेले होते आणि युरोपचा आधार अनेकांना हवासा वाटू लागला होता. त्यामुळे सगळे श्रेय हमीला देता येणार नाही. १ डिसेंबरला करार लागू झाला. हमीला मूळ करारांच्या बरोबरीचे स्थान देणारा प्रोटोकॉल मात्र डिसेंबर २०१४ मध्ये अमलात आला.

गर्भपाताचा प्रश्न पुढे आयरिश मतदारांनीच सोडवला. मे २०१८ मध्ये घटनेतील बंदी उठवण्याच्या बाजूने ६६.४ टक्के मते पडली. युरोपीय हमी त्याच्या आड आली नाही, कारण तिने बंदी गोठवली नव्हती. निर्णयाचा अधिकार डब्लिनकडे ठेवला होता. तटस्थतेचा वाद अजून चालू आहे. बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी मोहिमेवर धाडायचे तर संयुक्त राष्ट्रांची संमती लागते. ही अट काढण्याची तयारी २०२५ मध्ये सरकारने सुरू केली, तेव्हा विरोधकांनी २००९ मधल्या आश्वासनांची आठवण करून दिली.