देवळांच्या जमिनी आणि सांव पावलू कॉलेजचा खर्च

जुन्या गोव्यात बॉं जेझूस आणि से कॅथेड्रल पाहिलं की बहुतेक जण परत फिरतात. फोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक एकटी कमान उभी आहे, तिकडे फारसं कोणी वळत नाही. सांव पावलू कॉलेजची एवढीच खूण उरली आहे. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात विद्यापीठ नव्हतं, पण व्याकरणापासून तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानापर्यंत शिकवणारं हे कॉलेज त्याचंच काम करत होतं. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये इथेच सुरू झाला. या गोष्टी आपण पाठ केलेल्या असतात. पण शेकडो माणसांना रोज जेवू घालणाऱ्या, पुस्तकं छापणाऱ्या या संस्थेचा खर्च कोण देत होतं, हे सहसा कोणी विचारत नाही. या लेखात तेवढाच प्रश्न घेतला आहे.

पहिला पैसा कुठून आला

त्यासाठी आधी गावकरी समजून घ्यायला हवी. गोव्यात गावची बरीचशी जमीन गावकारांच्या मंडळाच्या सामाईक मालकीची असायची. शेतांची पावणी व्हायची, म्हणजे लिलावाने ती कसायला दिली जायची. आलेल्या पैशातून सरकारचा कर, बांधांची डागडुजी, देवळाचा खर्च असं सगळं भागवून उरलेला वाटा गावकारांना झोण म्हणून मिळायचा. आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने 1526 मध्ये या चालीरीती लिहून काढल्या आणि सरकारने त्या मान्य केल्या. देवळांसाठी वेगळ्या जमिनीही राखलेल्या असत. पुजारी, वाजंत्री आणि देवळाचे इतर सेवेकरी यांचं पोट त्यांवर चालायचं.

1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. देऊळ गेलं, पण जमीन तिथेच होती आणि तिचं उत्पन्नही येत होतं. ते कोणाचं? जून 1541 मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी गावकारांना बोलावलं आणि हे उत्पन्न नव्या धर्मासाठी द्यायला त्यांची संमती घेतली. त्याच वर्षी 'सांता फे' म्हणजे 'पवित्र श्रद्धा' या नावाचा संघ आणि त्याचं विद्यालय उभं राहिलं. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न त्याच्याकडे वळवलं गेलं. पुढे हे विद्यालय जेझुइटांच्या हाती आलं आणि सांव पावलू म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

त्या 'संमती'बद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ज्यांची देवळं नुकतीच पाडली गेली होती आणि ज्यांच्यासमोर राज्यकर्ते बसले होते, त्यांच्या 'हो'ला किती अर्थ होता? मी कॅथलिक आहे. आपल्या संस्थांच्या इतिहासातलं हे पान गाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. शिवाय ते गावकार काही परके नव्हते. आजच्या गोव्यातले हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही त्यांचेच वंशज आहेत.

पैसा कोणासाठी

हे विद्यालय इथल्या मुलांसाठी होतं. गोवा, मलबार, श्रीलंका, मलाक्का, आफ्रिका अशा ठिकाणांची मुलं तिथे शिकायची. पण 1548 मध्ये आंतोनियो गोमिश नावाचे पाद्री रेक्टर म्हणून आले आणि त्यांनी स्थानिक मुलांना बाहेर काढून कॉलेज पोर्तुगिजांचं करायला घेतलं. फ्रान्सिस झेवियर पूर्वेकडून 1552 मध्ये परतले, तेव्हा त्यांनी गोमिशना पदावरून दूर केलं आणि मुलांना परत घेतलं. दान ज्या कामासाठी मिळालं त्याच कामावर खर्च व्हावं, हा वाद तेव्हाही होता.

प्रोक्युराडोरचं काम

जेझुइटांच्या नियमांत एक मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यांच्या 'प्रोफेस' घराला, म्हणजे बॉं जेझूससारख्या ठिकाणाला, कायमचं उत्पन्न ठेवता येत नव्हतं. त्यांनी दानावर जगायचं. कॉलेजला मात्र जमीनजुमला ठेवायला परवानगी होती, कारण विद्यार्थ्यांना रोजच्या भिक्षेच्या भरवशावर शिकवता येत नाही. म्हणून मालमत्ता कॉलेजांच्या नावावर जमत गेली. ती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला प्रोक्युराडोर म्हणत. खंड वसूल करणं, कोर्टकचेऱ्या, नारळ विकणं, हिशेब लिहिणं ही त्याची कामं.

राजाचं अनुदान कागदावर असलं तरी तिजोरीतून पैसे वेळेवर सुटतीलच असं नव्हतं. त्यामुळे जमिनीचा आधार लागायचा. पण जमीनही सारखी नसते. भातशेती बरीचशी खाजनात, खाडीच्या काठाला. बांध फुटला की खारं पाणी आत येतं, आणि मग एका हंगामाचंच नाही, पुढच्या पिकांचंही नुकसान होतं. माडाचं तसं नाही. झाड मोठं व्हायला बरीच वर्षं लागतात, पण एकदा धरलं की ते वर्षभर थोडं थोडं देत राहतं. जेझुइटांनी माडांच्या बागायतीत केवढं लक्ष घातलं, हे 'आर्ते पाल्मारिका' या पुस्तिकेवरून कळतं. माड कसे लावावे आणि सांभाळावे हे सांगणारी ही पुस्तिका त्यांच्यातल्याच एकाने लिहिली.

उत्पन्न का घटलं

चार्ल्स बोर्जिस या इतिहासकारांनी गोव्यातल्या जेझुइटांच्या अर्थकारणावर पुस्तकच लिहिलं आहे. ही श्रीमंती वाटते तेवढी पक्की नव्हती, हे या विषयात शिरलं की लक्षात येतं. कारणं अनेक होती.

जुनं गोवा शहर साथींनी रिकामं होत गेलं. कॉलेजलाच सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आपली जागा सोडून रोझारीच्या टेकडीवर जावं लागलं. माणसंच उरली नाहीत तर शहरातल्या घरांना भाडेकरू कुठून मिळणार?

ठरलेल्या रोख रकमेवर दिलेल्या जमिनीचा वेगळाच घोटाळा होतो. महागाई वाढते, खंड तेवढाच राहतो. कागदावर उत्पन्न कमी झालेलं दिसत नाही, पण बाजारात त्याच पैशात कमी तांदूळ येतो.

मग लढाया. 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेसात शिरल्या. सगळ्यात मोठा फटका मात्र उत्तरेत बसला. वसई, ठाणे, वांद्रे या भागात जेझुइटांकडे गावं होती. जपानच्या मिशनचा खर्चही काही अंशी तिथल्या उत्पन्नातून जायचा. 1665 मध्ये मुंबई इंग्रजांकडे गेली, तेव्हा तिथल्या जमिनींवरून वाद झाले आणि काही हातच्या गेल्या. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. आपण हा विजय शाळेत शिकलो. गोव्यातल्या कॉलेजांच्या वह्यांत त्याच घटनेचा अर्थ उत्तरेकडच्या गावांचा वसूल बंद झाला, एवढाच होता.

मग तोटा कसा भरायचा? जमीन विकायची तर रोममधल्या जनरलची परवानगी लागायची, आणि जहाजाने पत्र जाऊन उत्तर यायला दीड-दोन वर्षं जायची. नवी जमीन घ्यावी, तर धार्मिक संघांनी परवानगीशिवाय जमिनी घेऊ नयेत असे राजाचे हुकूम होते. उरायचे ते मार्ग आपल्या ओळखीचे आहेत: कर्ज काढा, खर्च कापा, कुळांकडून वसुली कडक करा. शेवटच्या मार्गाचा भार कोणावर पडायचा, ते सांगायला नको.

1759 नंतर

1759 मध्ये पोंबालच्या हुकुमाने जेझुइटांना पकडलं गेलं आणि त्यांची सगळी मालमत्ता राजाने जप्त केली. देवळांपासून कॉलेजकडे आलेल्या जमिनी आता सरकारजमा झाल्या. मूळ गावकऱ्यांना त्या परत देण्याचा विचार मात्र झाला नाही. कॉलेजची जुनी इमारत 1832 मध्ये पाडली गेली आणि कमान तेवढी राहिली.

आपल्या साहित्याशी याचा थेट संबंध आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षं साष्टीत राबले. त्यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरच्या, म्हणजे राशोलच्या, जेझुइट कॉलेजात छापलं गेलं. साष्टीतलीही देवळं पाडली गेली होती आणि त्यांचं उत्पन्नही चर्चसंस्थांकडे वळलं होतं. म्हणजे ज्या ग्रंथाचा आपल्याला अभिमान वाटतो, त्याच्या कागद-शाईमागे ते शेत कसणाऱ्याचे, माडावर चढणाऱ्या पाडेल्याचे कष्ट आहेत आणि मोडलेल्या देवळाची जमीनही आहे. यामुळे ग्रंथ कमी मोलाचा ठरत नाही. पण त्याच्या कर्त्याचं नाव घेताना, ज्यांना न विचारता त्याचा खर्च त्यांच्याकडून घेतला गेला, त्या गावांचीही आठवण ठेवायला हवी.