दूध बाधत नाही, बुरशी बाधते

बाळ महिना-दीड महिन्याचे होते आणि जिभेवर, गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग दिसू लागतात. बाळ स्तन तोंडात घेते, दोन घोट पिते आणि रडून सोडून देते. इकडे आईच्या स्तनाग्रांची आग होते, पाजून झाल्यावरही आत ठणकत राहते. मग घरातले कुणीतरी म्हणते, ‘हिचं दूध बाळाला बाधलं.’ बिचारी बाळंतीण गप्प बसते आणि संध्याकाळपर्यंत पावडरच्या दुधाचा डबा घरात येतो.

आम्ही आमच्या भगिनींना आणि त्यांच्या सासवांनाही स्पष्ट सांगतो, दुधात काही दोष नाही. ही कॅन्डिडा नावाची बुरशी आहे. ती एरवीही आपल्या अंगावर असतेच. सिझेरियननंतर किंवा तापात अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या की शरीरातले उपयोगी जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. आईला मधुमेह असेल तरी ती बळावते. तिला ओल आवडते. नागपूरचा मे महिना, अंगाला घाम, कूलरची दमट हवा आणि दुधाने भिजलेली चोळी अंगावरच सुकलेली, आणखी काय हवे?

ओळखायचे कसे? दूध प्यायल्यावर जिभेवर राहिलेला पांढरा थर ओल्या फडक्याने सहज निघतो. बुरशीचा डाग निघत नाही. खरवडला तर खालची जागा लाल होते, रक्तही येते. म्हणून बोटाला फडके गुंडाळून तोंड घासू नये. आपल्याकडे टाकणखाराची लाही मधात कालवून लावण्याची जुनी चाल आहे. ती मात्र बंद करावी. टाकणखार तान्ह्या बाळाला विषारी आहे आणि वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये.

उपचार साधा आहे, पण तो दोघांचा एकाच वेळी व्हायला हवा. नेमके इथेच चुकते. बाळाच्या तोंडात औषध घातले जाते आणि आईला कुणी विचारत नाही. मग बाळाकडून आईला, आईकडून पुन्हा बाळाला, असा फेरा सुरू राहतो. डॉक्टर बाळासाठी बहुधा निस्टॅटिन किंवा क्लोट्रिमाझोलचे थेंब देतात आणि आईला लावायला मलम. दोन्ही पाजून झाल्यावर वापरावे. डाग गेले म्हणून लगेच थांबू नये, सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. मायकोनॅझोलचे घट्ट जेल चार महिन्यांच्या आतील बाळाच्या घशात अडकू शकते, तेव्हा दुकानातून मनाने आणू नये. पूर्वी सर्रास लावले जाणारे जांभळे औषधही मनाने लावू नये. कॅनडाच्या आरोग्य खात्याने 2019 साली त्याबद्दल कर्करोगाच्या धोक्याचा इशारा दिला आहे.

बोंडले, वाटी-चमचा, चोखणी रोज उकळावी. चोळ्या, लंगोट गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. बाळाच्या मांड्यांत लाल पुरळ असेल तर तेही दाखवावे, कारण तीच बुरशी तिथेही पोचते.

या सगळ्या काळात पाजणे मात्र थांबवू नये. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदी आहे आणि आईचे दूधच उत्तम, हे डब्यावर छापावे लागते. बंदी असलेल्या जाहिरातीचे काम आपल्याच घरातल्या बायांनी फुकट का करावे?

प्रत्येक दुखणे बुरशीचे नसते, हेही खरे. पुष्कळदा बाळ नुसते टोक धरते, काळा भाग तोंडात घेत नाही, म्हणून चिरा पडतात. तिथे मलमाचा उपयोग नाही, बाळाला नीट धरायला शिकावे लागते. डागा, मेयो किंवा मेडिकलमध्ये डॉक्टर-नर्सबाईंना विचारण्यात संकोच कसला? स्तनात गाठ, लाली, थंडीताप असेल तर मात्र त्याच दिवशी जावे. बाळ पीतच नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा औषध पूर्ण करूनही डाग पुन्हापुन्हा येत असतील, तरी घरी थांबू नये.