डब्यातले कलदार

धनत्रयोदशीला किंवा लक्ष्मीपूजनाला वर्षातून एकदाच बाहेर येणारी एक वस्तू आपल्याकडे बऱ्याच घरांत असते. जुन्या नाण्यांचा डबा! कुणाकडे पितळेचा, कुणाकडे बिस्किटांचा पत्र्याचा, कुणाकडे नुसतंच फडक्यात बांधलेलं गाठोडं. आत राणीछाप रुपये, अधेल्या, पावल्या, चवल्या, भोकाचे पैसे आणि एखादं कुणालाच न वाचता येणारं चांदीचं जाडसर नाणं. आदल्या दिवशी आपण काय करतो? चिंच घेतो, लिंबू घेतो, वर चिमूटभर पितांबरी आणि घासून घासून लख्ख करतो. मैत्रिणींनो, पहिलं नुकसान इथेच होतं. ते कसं, ते पुढे सांगते.

हा डबा विकायची वेळ सहसा आनंदाने येत नाही. घरातलं मोठं माणूस गेलेलं असतं, वाटणी व्हायची असते, नाहीतर दवाखान्याचं बिल किंवा पोरीच्या कॉलेजची फी भरायची असते. घाई असते. आणि घाईत असलेल्या बाईला भाव सांगणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो : जो विकत घेणार आहे तोच!

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरी नावाचं गाव आहे. आपल्याकडे ते मिरचीसाठी ओळखलं जातं. तिथल्या एका मैत्रिणीचा मध्यंतरी फोन आला. सासूबाईंच्या मागे पितळी डबा निघाला, त्यात चाळीस चांदीचे रुपये आणि बरीच चिल्लर. "सोनार म्हन्ते, सगळ्याचे मिळून एवढे देतो, आत्ताच देऊन टाका, उद्या भाव पडंन. देऊन टाकू का बाई?" मी तिला विचारलं, "तू तुझी मिरची अशी विकतेस का? लाल वेगळी न करता, फटकी न काढता, एकाच ढिगात?" तर ती हसली. म्हणाली, "तसं तं कोनी येडंच करन!" मग नाण्यांचंच काय घोडं मारलंय? तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर सांगते.

आधी चांदीचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त फसवणूक या साध्या बेरीज-वजाबाकीत होते. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. विल्यम राजाचा १८३५ चा, व्हिक्टोरियाचे, एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे, सगळे रुपये याच मापाचे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदी महागली आणि १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयांत सहाव्या जॉर्जच्या तोंडामागे निम्मीच चांदी उरली. १९४७ चे रुपये तर निकेलचे, मागे वाघ असलेले. ते चुंबकाला चटकन चिकटतात, घरीच करून बघा.

आता गंमत बघा. सराफाच्या दुकानात आज 'तोळा' म्हटलं की बहुतेक ठिकाणी दहा ग्रॅम धरतात. म्हणजे 'एक रुपया, एक तोळा' हा जुना हिशेब लावून दहा ग्रॅमचा भाव दिला, तर प्रत्येक नाण्यामागे १.६६ ग्रॅम हवेत गेले. त्यावर "जुनी नाणी सगळी निम्म्या चांदीचीच असतात" असंही सांगितलं, की झालंच! चाळीस राणीछाप रुपयांत सव्वाचारशे ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी असते. या हिशेबाने ती होते दोनशे ग्रॅम. नाणी वापरून झिजलेली असतील तर वजन थोडं कमी भरेल, वितळवण्याची घटही कापली जाईल, ते मान्य. पण अर्धी चांदी कुठे गेली हे विचारायला नको? सगळेच सराफ असं करतात असं मुळीच नाही. पण आपल्याला हिशेब येत असला की समोरचाही नीट करतो, हा बाजारातला अनुभव कुणाला नाही!

म्हणून पहिलं काम, सालाप्रमाणे ढीग करायचे. १९३९ पर्यंतचे एकीकडे, १९४० ते ४५ चे दुसरीकडे, निकेल आणि तांबं-पितळ तिसरीकडे. काट्यावर वजन समोर करून घ्यायचं, काटा ग्रॅमचे दशांश दाखवणारा हवा. त्या दिवशीचा चांदीचा भाव पेपरात असतोच. एवढं केलं की आपल्या डब्याची कमीत कमी किंमत कळते. तिच्याखाली यायचं नाही.

पण ही नुसती चांदीची किंमत झाली. नाणं म्हणून किंमत वेगळी आणि ती ठरवण्याचे नियम ऐकले की आपण चक्रावतो. जुनं तेवढं महाग, असं मुळीच नाही. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया पाहून लोक हरखून जातात. पण १८६२ हे साल टाकसाळीने पुढे १८७४ पर्यंत तसंच चालू ठेवलं होतं, त्यामुळे ते रुपये उदंड आहेत. उलट पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया बघा. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. बोंब झाली. सरकारने नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली आणि १९१२ ला हत्ती नीट काढून नवा रुपया पाडला. ते १९११ चे वाचलेले रुपये आज इतर जॉर्जछाप रुपयांपेक्षा बऱ्याच जास्त भावाने जातात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्याहूनही दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार. भोकाचे पैसे मात्र ढिगाने मिळतात, ते नातवंडांना खेळायला द्या हवं तर.

आणि ते कुणाला वाचता न येणारं जाडसर नाणं? तेच आपल्या भागात सगळ्यात आधी वितळतं, याचं मला फार वाईट वाटतं. भंडारा-गोंदिया हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं. भोसल्यांनी रुपये पाडले, पण त्यावर स्वतःचं नाव नाही घातलं, दिल्लीच्या अहमदशहा बादशहाचं नाव फारसी अक्षरांत घातलं. तो बादशहा १७५४ मध्येच गादीवरून गेला होता, तरी नाव चालूच! हातोड्याने ठोकून पाडलेली ही नाणी. ठसा मोठा आणि नाणं लहान, म्हणून अक्षरं अर्धवटच उमटायची. त्यावर सराफांनी पारखताना ठोकलेल्या खुणा. चित्र नाही, इंग्रजी साल नाही. सुनेला वाटतं, झिजलेला तुकडा आहे, आणि तो चांदीच्या भावात जातो. नागपूरचे नाणेअभ्यासक प्रशांत कुलकर्णी यांनी भोसल्यांच्या नाण्यांवर स्वतंत्र इंग्रजी पुस्तकच लिहिलं आहे, त्यावरून या नाण्यांत किती प्रकार आहेत याची कल्पना यावी. त्यातला एखादा प्रकार दुर्मीळ निघू शकतो. एखादा अगदी साधाही निघेल. पण ते जाणकाराने बघितल्यावर, मुशीत गेल्यावर नाही.

आता ते चिंच-लिंबाचं. नाण्यावर वर्षानुवर्षांनी जी काळसर, तपकिरी झाक चढते ती नाणं घेणाऱ्याला हवी असते. घासलं की बारीक बारीक रेघा पडतात, अक्षरांच्या कडा जातात, आणि भिंगातून ते लगेच दिसतं. गेलेली झाक परत येत नाही. तेव्हा पूजेला ठेवायची तर फुंकर मारून ठेवा. हळदीकुंकू वाटीत वाहा. नाणं धरायचं कडेने. रबर बँडने बांधू नका, चांदी काळी पडते. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांनीही कालांतराने चिकट हिरवट थर येतो. कागदाची छोटी पाकिटं करावीत, प्रत्येकावर नंबर टाकावा आणि एका वहीत त्या नंबरापुढे साल, राजा, वजन लिहावं. दोन्ही बाजूंचे मोबाईलवर फोटो. ही वही पुढे फार कामी येते.

रुपयांच्या माळेबद्दल बऱ्याच जणी विचारतात. आजीच्या गळ्यातल्या माळेतल्या रुपयांना कड्या डाकलेल्या असतात. डाक लागलेल्या नाण्याची नाणं म्हणून किंमत बहुतेक संपते. कडी काढून ती परत येत नाही, उलट डागच राहतो. ती माळ दागिना म्हणूनच विका किंवा, माझं ऐकाल तर, ठेवा.

बाहेरच्या अफवांबद्दलही बोलायला हवं, कारण इथे चांगल्या शिकल्या-सवरल्या बायका फसतात. वैष्णोदेवीचं नाणं म्हणे लाखाला जातं! ती पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये सरकारनेच काढली, लाखाला कोण घेईल? राम दरबार किंवा हनुमानाचं चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, साल १८१८, असं तांब्याचं नाणं खूप घरांत असतं. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नव्हतं, ते देवळाबाहेर मिळणारं टोकन. आणि आपल्या धानाच्या जिल्ह्यात तर 'तांदूळ ओढणाऱ्या नाण्या'वाले हमखास फिरायचे! परदेशी संशोधन संस्था कोटींनी घेते म्हणतात, आधी तपासणीचे पैसे भरा. मे २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी याच धंद्यातल्या बापलेकांना पकडलं. 'नासा' घेणार म्हणून सांगून त्यांनी एका व्यापाऱ्याला जवळपास दीड कोटीला बुडवलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तर रिझर्व्ह बँकेलाच पत्रक काढावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आम्ही कुणाकडूनही फी, कमिशन किंवा कर घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. थोडक्यात ओळखायची खूण एकच. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागतो तो घेणारा नाही.

याच्या उलट टोकाचे महाभागही भेटतात. "हे घरात ठेवणं गुन्हा आहे, सरकारजमा होईल, मला देऊन मोकळ्या व्हा." घाबरू नका. पिढीजात घरात असलेली नाणी ठेवणं गुन्हा नाही. शेतात नांगरताना हंडा लागला, तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तो कलेक्टरला कळवावाच लागतो. आणि शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तेव्हा अमेरिकेतला भाचा "इथे इंटरनेटवर विकून देतो मावशी" म्हणाला, तर प्रेमाने नाही म्हणा. अशा जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, तो विचारायला लाजू नये.

आणि डबा नेमका कुणाचा? माझ्या केशोरीच्या मैत्रिणीला हा प्रश्न आवडला नाही, पण विचारावा लागला. हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर सासूबाईंच्या स्वतःच्या वस्तूंवर त्यांच्या मुलांचा, मुलींचा आणि नवऱ्याचा हक्क. सुनेचा थेट नाही! म्हणजे नणंदेला विचारल्याशिवाय डबा हलवायचा नाही. वडिलांच्या मागे असेल तर आई, आजी, भाऊ, बहिणी सगळे सारख्या वाट्याचे. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही, पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीकडच्या वारसांनाही समान हिस्सा दिला, हे आपल्या भागातल्या बायकांना माहीत असावं. दहा-दहा नाणी मोजून वाटणी करू नका. एकीच्या दहांत तो १९११ चा गेला की आयुष्यभराचा अबोला. आधी किंमत काढायची, मग वाटायचं किंवा विकून पैसे वाटायचे.

किंमत काढायला कुठे जायचं? जो विकत घेणार नाही अशाकडे आधी. नागपूरला अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. भाव सांगणं हे त्यांचं काम नव्हे, पण नाणं ओळखायला मदत मिळू शकते. मग दोन-तीन नाणेविक्रेत्यांना वहीतली यादी आणि फोटो पाठवा, डबा नाही. मोठ्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एका दिवसात चार टेबलांवर भाव विचारता येतो. किंमत-पुस्तकातला आकडा हा दुकानदार विकतो त्याचा असतो, आपल्याला त्यापेक्षा कमीच मिळणार. त्याचंही दुकान चालायला हवं ना! इंटरनेटवर कुणी कितीही मागितलेलं असतं, ते बघू नका. आधीच्या लिलावात प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा.

चार-दोन नाणी खरोखर दुर्मीळ निघाली तर लिलाव परवडतो. मुंबईत टोडीवाला, ओसवाल अशी नाण्यांचे लिलाव करणारी घरं आहेत. देण्याआधी विचारून घ्या : कमिशन किती, याच्याखाली विकायचं नाही अशी राखीव किंमत ठरवता येते का, विकलं नाही तर परत पाठवायचा खर्च कुणाचा, पैसे किती दिवसांनी. उरलेले साधे रुपये सराफाकडे वजनावर दिले तरी चालतात. फायदा मोठा असेल तर कराबद्दल सीएला आधीच विचारलेलं बरं.

आणि नाणी हातातून देताना पावती घ्यायची. 'जुनी नाणी, नग ४०' अशी नको. वहीतला नंबर, साल, वजन एकेक लिहून, खाली सही-शिक्का, आणि पैसे बँकेतून. मैत्रीण म्हणाली, चाळीस ओळी लिहायला सोनार कंटाळते. मग ती पावती आपणच घरून लिहून न्यायची, त्याने फक्त सही करायची.