धारेवरची वहिवाट

ईस्टबोर्नच्या नगरपालिकेने २०२४ च्या अखेरीस साउथ डाउन्सवरची आपल्या मालकीची काही शेतं विकायचा प्रस्ताव मांडला आणि दक्षिण इंग्लंडमधली पायी भटकणारी मंडळी खवळून उठली. कारण सांगितलं गेलं ते नेहमीचं: तिजोरीत खडखडाट, बेघरांच्या निवाऱ्याचा खर्च हाताबाहेर गेलेला. ते खोटं नव्हतं. पण हीच ती नगरपालिका, जिने १९२९ साली चार हजारांहून अधिक एकर डोंगर जनतेसाठी राखायचा म्हणून विकत घेतला होता. पश्चिमेला पीसहेवन नावाची वसाहत कड्याच्या माथ्यावर बैठ्या बंगल्यांचं पीक काढत सुटली होती. आपल्या डोंगराचं तसं होऊ नये, एवढीच त्या खरेदीमागची तळमळ. विक्रीचं काय झालं हा वेगळा प्रश्न. विकायचा विचार मनात आला, हेच लोकांना झोंबलं.

साउथ डाउन्स हा डोंगर म्हणायला डोंगर. उंची सह्याद्रीच्या मानाने किरकोळ. बटसर हिल २७१ मीटर, डिचलिंग बीकन २४८. पण अंगाने सगळा खडूचा, उत्तरेकडून उभ्या चढाचा, दक्षिणेकडे समुद्रापर्यंत सैल उतरत गेलेला. धारेवरून चालणाऱ्याला एका बाजूला इंग्लिश खाडी दिसते, दुसऱ्या बाजूला वील्डची रानं आणि शिवारं. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत सुमारे १६० किलोमीटरची साउथ डाउन्स वे ही वाट बहुतेक या धारेवरूनच जाते. पाऊस पडला की खडू साबणासारखा निसरडा होतो आणि उन्हाळ्यात डोळे दिपवतो.

या वाटेचा आधीचा इतिहास भराभर सांगून टाकावा असाच आहे, कारण त्यात समित्या फार. १९२३ मध्ये डोंगर वाचवण्यासाठी ससेक्समध्ये संस्था निघाली. १९४७ च्या हॉबहाउस समितीने राष्ट्रीय उद्यानांची यादी केली, त्यात साउथ डाउन्स होतं. पण युद्धकाळात धान्यासाठी माथ्यापर्यंत नांगर फिरला होता आणि शांतता आल्यावरही तो थांबला नाही. मेंढ्यांनी शतकानुशतकं चरून राखलेली आखूड गवताची कुरणं गेली. १९५६ मध्ये सरकारी आयोगाने सांगितलं की आता इथे उद्यान करण्याजोगं उरलेलं नाही. म्हणजे आधी नांगरू द्यायचं आणि मग नांगरलं म्हणून नाकारायचं! १९७२ मध्ये साउथ डाउन्स वे अधिकृतपणे खुली झाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत घोडवाट असलेली ही पहिलीच राष्ट्रीय वाट, म्हणून घोडेस्वार आणि सायकलस्वारही तिचे तितकेच हक्कदार.

दोन जखमा मात्र ओलांडून जाता येत नाहीत. १९८७ च्या ऑक्टोबरातल्या वादळाने चॅंक्टनबरी रिंगवरची, १७६० मध्ये लावलेली बीचची बहुतेक झाडं एका रात्रीत आडवी केली. ते निसर्गाने केलं. ट्वायफर्ड डाउनचं पाप माणसाचं. विंचेस्टरजवळचा हा डोंगर एम-३ महामार्गासाठी मधोमध कापला गेला. १९९२ पासून तरुण पोरं यंत्रांपुढे आडवी पडली, त्यांना अटक झाली, आणि १९९४ मध्ये गाड्या सुरू झाल्या. आज साउथ डाउन्स वेवरून निघालेला माणूस पहिल्या तासाभरातच पुलावरून त्या महामार्गाच्या डोक्यावरून जातो, तेव्हा हा हिशेब कानांनाही कळतो.

आणि मग आलं ते दशक, ज्याच्या आठवणीने आजचं वैताग देणारं वास्तव जास्तच खुपतं. १९९९ ते २००९.

त्याची चाहूल १९९७ मध्येच लागली होती. लुइसजवळच्या ऑफम डाउनवर जुनं, संरक्षित म्हणून नोंदलेलं गवताळ कुरण जवसाच्या अनुदानापायी नांगरलं गेलं. कायद्याने ते वेळीच थांबवलं नाही. तेव्हा निदर्शक तिथे पोचले आणि उलटलेली ढेपळं हातांनी पुन्हा सुलटी करू लागले. नांगरट उलटवण्याचं हे आंदोलन वेडगळ वाटलं खरं, पण संरक्षित जागांचा कायदा किती पोकळ आहे हे देशाला त्यातून दिसलं. १९९९ च्या सप्टेंबरात उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी साउथ डाउन्सला राष्ट्रीय उद्यान करण्याची घोषणा केली. २००० मध्ये ग्रामीण भाग आणि वहिवाटीचे हक्क यांचा नवा कायदा आला.

लगेच २००१ उजाडलं आणि लाळ्या-खुरकूत आली. फेब्रुवारीअखेर देशभर पायवाटांवर बंदीच्या पाट्या लागल्या. साठ लाखांहून अधिक जनावरं मारली गेली. त्या वसंतात एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली: गावांतल्या खानावळी, पब आणि खोल्या देणारी घरं पायी येणाऱ्या माणसांवर जगत होती. वाटा बंद ठेवून किती नुकसान होतं हे सांगायला त्यानंतर कुणा अर्थतज्ज्ञाची गरज उरली नाही.

दोन वर्षांनी एक छान सूड उगवला गेला. धारेच्या उत्तरेला, ईस्ट ससेक्समधल्या फ्रॅमफील्ड गावची नऊ क्रमांकाची पायवाट दशकभराहून अधिक काळ बंद होती. जमीनमालकाच्या बाजूने वाटेवर गोदाम, जुनी शीतकपाटं, काटेरी तार असा सगळा बंदोबस्त. काउंटी कौन्सिल अडथळा हटवण्याऐवजी वाटच वळवायला निघाली होती! रॅम्बलर्स या पायी भटकणाऱ्यांच्या संघटनेच्या केट ॲशब्रुक कोर्टात गेल्या, २००२ मध्ये अपील न्यायालयात जिंकल्या आणि २००३ च्या फेब्रुवारीत साखळदंड कापून लोक त्या वाटेने चालले. एका फुटकळ पायवाटेसाठी एवढा आटापिटा कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. इंग्लंडमध्ये पायवाट म्हणजे कायद्याने राजरस्ताच. एक सोडली की दुसरीवर गोदाम उभं राहतं.

१९ सप्टेंबर २००४ ला आग्नेय इंग्लंडमध्ये मोकळं हिंडण्याचा हक्क लागू झाला. डोंगर, माळ, झुडपी रान, सामायिक गायरानं आणि खडूचे हे डाउन्स, इथे वाट सोडूनही पायी फिरायची मुभा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर पिवळसर रंगाचे तुकडे उमटले. ते पाहून आनंद व्हायचा आणि लगोलग विरजण पडायचं, कारण नांगरलेली जमीन कायद्याच्या व्याख्येत ‘डाउन’ ठरतच नव्हती. जुनं कुरण उरलं होतं ते उभ्या उतारांवर, जिथे ट्रॅक्टर चढत नाही. पन्नास वर्षांच्या अनुदानाने जे नेलं, ते हक्काने परत आलं नाही.

याच काळात ब्रायटनच्या वर, पॅचमजवळच्या छत्रीचंही बरं चाललं होतं. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना इथे उघड्या डोंगरावर अग्नी दिला गेला. त्या जागेवरची संगमरवरी छत्री रेखाटली मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुरचनाकाराने, आणि १९२१ मध्ये तिचं अनावरण झालं. दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या गोळ्यांनी तिला खड्डे पडले. ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने दर वर्षीचा स्मृतिसोहळा १९९९ नंतर थांबवला, तेव्हा स्थानिक भारतीय मंडळींनी तो उचलला आणि २०१० मध्ये त्या ५३ जणांची नावं दगडावर कोरली गेली. गाडीरस्ता छत्रीपर्यंत जात नाही. तिथे जायचं तर शेतांतून जाणारी पायवाटच धरावी लागते, आणि वहिवाटीच्या सगळ्या भांडणाचं मोल मुंबईकराला सांगायला एवढं पुरेल.

उद्यानाची घोषणा झाली १९९९ मध्ये, पण चौकशीच चालली वर्षानुवर्षं. निरीक्षकाने २००७ मध्ये उजेडात आलेल्या अहवालात सुचवलं, उद्यान खडूपुरतंच ठेवा, मिडहर्स्टच्या बाजूचा पश्चिम वील्ड वगळा. तो मानला असता तर २८० मीटरचा ब्लॅकडाउन हा आजच्या उद्यानातला सर्वांत उंच माथाच बाहेर राहिला असता. पुन्हा पत्रं, पुन्हा सभा, २००८ मध्ये पुन्हा सुनावणी. ३१ मार्च २००९ ला पर्यावरणमंत्री हिलरी बेन यांनी वील्डसकट उद्यान मंजूर केलं. हॉबहाउसपासून बासष्ट वर्षांनी.

उद्यानाचा जन्म झाला ३१ मार्च २०१० ला, आणि त्याच वर्षी सरकारी काटकसरीची कुऱ्हाड पडू लागली. पाळणा हलायच्या आत दूध तोडलं. त्यानंतरची वर्षं कंटाळवाणी आहेत: आराखडे, बोधचिन्हं, पार्किंगचे दर. सेव्हन सिस्टर्सच्या कड्याच्या अगदी काठावर फोटोसाठी उभी राहणारी गर्दी वाढली. डिचलिंगच्या चढावर विजेच्या सायकली घोड्यांना बुजवत जातात. जुनं गवताळ कुरण उद्यानाच्या क्षेत्रात जेमतेम चार टक्के.

त्या सोनेरी दशकानेही एक काटा पेरून ठेवला होता. २००० च्या ज्या कायद्याने हिंडायचा हक्क दिला, त्यातच अट होती की १९४९ च्या आधीपासूनच्या, पण अधिकृत नकाशात न आलेल्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदवाव्यात, नाहीतर हक्क संपला. रॅम्बलर्सच्या स्वयंसेवकांनी जुने-नवे नकाशे ताडून पाहिले तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा ४९,००० मैलांच्या वाटा निघाल्या. २०२२ मध्ये सरकार म्हणालं, मुदत रद्द करू. २०२३ मध्ये शब्द फिरवून ती २०३१ वर नेली. २०२४ च्या डिसेंबरात नव्या सरकारने ती रद्द करणार असल्याचं पुन्हा जाहीर केलं. एकदा दुधाने तोंड पोळलेले स्वयंसेवक अर्ज भरायचे थांबलेले नाहीत, आणि काउंटी कौन्सिलांच्या टेबलावर एकेक अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो.